भाड्याच्या खोलीची बाजू

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल वडगाव सोडते आणि कामशेतच्या आधी कान्हे लागतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून इथेच टाकव्याकडे, म्हणजे आंदर मावळात, जायचा फाटा फुटतो. हा भाताचा पट्टा. शेजारच्या वडगावच्या संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी तांदूळ निघाला आणि साऱ्या मावळाला त्याचा वास लागला. आता या खाचरांच्या बांधावर दोन तऱ्हेची बांधकामं दिसतात. एक कमानीवालं: गेट, कंपाउंड, आखलेले एनए प्लॉट, शनिवार-रविवारपुरते जागे होणारे बंगले. दुसरं कुणाच्या लक्षात येत नाही. गावातल्या जुन्या घरामागे, गोठा होता तिथे, पाच-सहा किंवा दहा-बारा खोल्यांची रांग. वर पत्रा किंवा स्लॅब, कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी, कडेला सामाईक संडास. पहिल्याची जाहिरात मुंबईच्या वर्तमानपत्रात येते. दुसऱ्याचा पत्ता किराणा दुकानात विचारावा लागतो, दुकानदार विचारतो, "बॅचलर का फॅमिली?" आणि मग सांगतो कुणाकडे खोल्या काढल्यात ते.

मावळात घरबांधणी म्हटली की चर्चा पहिल्या प्रकाराची होते. मला वाटतं, खरं घर पुरवण्याचं काम दुसरा प्रकार करतो आहे. ते काम आपल्या कुठल्याही गृहनिर्माण धोरणाच्या हिशोबात धड बसत नाही, याचं कारण मुंबईत शोधावं लागतं. शंभर वर्षांत मुंबईनं भाड्याची खोली ही गोष्ट आधी उभी केली, मग आवळली, आणि शेवटी तिची आठवणही पुसली. त्याच मुंबईची समजूत आता घाट चढून वर आली आहे.

मुंबई भाड्यावर उभी राहिली, हे आज सांगावं लागतं. गिरण्या आल्या, माणसं आली, आणि त्यांच्यासाठी व्यापारी, सावकार, मुकादम, धर्मादाय ट्रस्ट, क्वचित गिरणीमालक अशा सगळ्यांनी चाळी बांधल्या. परोपकार नव्हता त्यात. भाडं मिळत होतं. खोल्या वाईट होत्या, कोंदट होत्या. 1896 च्या प्लेगनं ते सरकारच्या नाकापर्यंत आणलं. 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या. पाडण्याचा उत्साह बांधण्यात उतरला नाही. मग 1920 साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. त्याच्याच बीडीडी चाळी. संकल्प 50 हजार खोल्यांचा होता. झाल्या 207 इमारती आणि सोळा हजारांच्या वर खोल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून. खोली 160 चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक रिकाम्याच पडल्या, कारण सरकारी भाडं परवडेना आणि वरळी तेव्हा लांब वाटे. या योजनेतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र इमारतींविषयीची नाही. तिच्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. ज्या धंद्यासाठी माणसं येत होती, त्या धंद्याच्या कच्च्या मालातूनच त्यांच्या निवाऱ्याचा खर्च काढायचा, इतका सरळ विचार परक्या सरकारला सुचला होता. या रुपयाकडे पुन्हा येऊ.

त्या मुंबईत मावळचे लोकही होते. डबेवाल्यांची गावं पाहा: मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. एका खोलीत दहा-बारा माणसं, काही रात्रपाळीची तर काही दिवसपाळीची, खाणावळीचं जेवण, महिन्याला गावी मनीऑर्डर आणि भातलावणीला रजा. या माणसांना मुंबईत घर नको होतं. त्यांचं घर गावी होतं, तिथे म्हातारी आई होती, खाचर होतं. त्यांना हवी होती खोली: कामापासून चालत जाता येईल अशी, परवडेल इतक्या भाड्याची, आणि नको झाली तर सोडून देता येईल अशी. घर आणि खोली या दोन वेगळ्या गरजा आहेत. त्या एकच मानल्यापासून आपलं सगळं बिघडत गेलं.

1947 चा भाडेनियंत्रण कायदा वाईट हेतूनं आलेला नाही. युद्धात भाव चढले होते, फाळणीनं माणसं आणून सोडली होती, मालक मनाला येईल ते भाडं मागत होते. कायद्यानं बहुतेक भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. कायदा तात्पुरता होता. त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. अन्न, कापड, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळं वाढलं आणि भाडं तिथेच राहिलं. मालकानं डागडुजी सोडली. जिने झुकले, छप्परं गळू लागली, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. 1969 साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, तेव्हा मंडळाच्या पदरात 19 हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती आल्या. खरं भाडं कागदावर गोठलेलं असल्यानं व्यवहार पागडीत, म्हणजे जागा देताना वरून घेतल्या जाणाऱ्या रकमेत, शिरला. 1973 साली आणखी एक दुरुस्ती झाली: त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते, ते संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी विश्वासानं जागा दिली होती, त्यांनी कायमचा धडा घेतला. जागा बंद ठेवावी, पण देऊ नये. 2011 च्या जनगणनेवरून 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनं मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा दिला तो सुमारे 4 लाख 80 हजार. झोपडपट्टीत राहणाऱ्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असलेल्या शहरात! त्याच पाहणीप्रमाणे देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण 1961 मधल्या 54 टक्क्यांवरून 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हा कायदा नसता तर गिरणगाव केव्हाच रस्त्यावर आलं असतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. पगार बंद झाला, गिरण्या परत नीट सुरूच झाल्या नाहीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यांतले कितीतरी शहरात टिकून राहू शकले, त्याला चाळीचं किरकोळ भाडं हे मोठं कारण होतं. बायकांनी खाणावळी चालवल्या, पोरांनी मिळेल ते काम केलं, डोक्यावरची खोली मात्र कुणी काढून घेऊ शकलं नाही. भाडेकरूला संरक्षण हवंच. माझी तक्रार त्या संरक्षणाचं बिल कुणाच्या नावे फाडलं याविषयी आहे. ते एकेका इमारतीच्या मालकाच्या नावे फाडलं गेलं, आणि मालकानं ते इमारत मरू देऊन वसूल केलं. समाजानं घेतलेली जबाबदारी समाजाच्या तिजोरीतून निभवायला हवी होती. खाजगी भाड्याची घरं आटताहेत हे दिसत असताना सरकारनं स्वतः भाड्याची घरं बांधत राहायला हवं होतं. हाउसिंग बोर्डानं काही वर्षं ती बांधलीही, कामगारांसाठी. नंतर तीच घरं राहणाऱ्यांच्या मालकीची करून दिली गेली आणि सरकार त्या कामातून मोकळं झालं.

सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. 1999 चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ आली, पागडीला कायद्यात जागा मिळाली. संरक्षण काढून घेतलं गेलं ते बँका आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं. हे योग्यच झालं. पण तोवर मुंबईनं भाड्याच्या घराचा नाद सोडून दिला होता. आता सगळ्यांना मालक करायचं होतं.

1995 सालच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत चाळीस लाख लोकांना मोफत घर मिळणार होतं. त्यामागची युक्ती हुशार होती. बिल्डरनं झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यायचं, बदल्यात वाढीव चटईक्षेत्र घ्यायचं आणि ते बाजारात विकायचं. सरकारचा पैसा जात नाही, गरिबाला घर मिळतं, बिल्डरला नफा. या गणितातली गोम अशी की गरिबाचं फुकट घर शेजारच्या विक्रीच्या फ्लॅटच्या भावातून निघतं. भाव चढा असेल तिथे योजना पळते, उतरला की खड्डा खणून ठेवलेला राहतो आणि माणसं वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात. म्हणजे गरिबांना घर देण्यासाठी घरं महाग राहायला हवीत. स्वस्त घराचं वचन देणारं सरकार घर स्वस्त होऊ देऊ शकत नाही, अशी ही गाठ बसली आहे. शिवाय झोपडपट्टीत भाड्यानं राहणारा, पोटमाळ्यावर राहणारा, कालच आलेला, हे सारे अपात्र. सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्याच्याकडे पुरावा नाही.

एकदा, फक्त एकदा, मुंबईनं चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. 2008 साली एमएमआरडीएनं भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना काढली. खोली पुन्हा 160 चौरस फुटांची. बीडीडीच्या मापाशी हा मेळ योगायोगाचा असेल, मला गंमत वाटते. काही वर्षांतच भाडं कोण वसूल करणार, खाली कोण करणार, देखभाल कोण पाहणार या प्रश्नांपुढे सरकारनं हात टेकले आणि घरं मालकीनं वाटायचं ठरलं. पनवेलजवळच्या कोन इथल्या दोन हजार चारशेवर घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली, दोन खोल्या जोडून एक घर अशी. ज्याचं आयुष्य परळमध्ये गेलं, त्याला मालकी मिळाली ती खाडीपलीकडे. मालकी मिळाली हे खरं. कामाशी, शेजाराशी, दवाखान्याशी असलेलं अंतर मात्र त्या चावीबरोबर कुणी मोजलं नाही.

आता घाट चढून वर या.

मावळात कारखाने आले ते स्वतःच्या पायानं नव्हे. सरकारनं जमीन संपादन करून एमआयडीसी आखली म्हणून आले. तळेगाव, आंबी. प्लॉट कारखान्याला, रस्ता कारखान्याला, वीज आणि पाणी कारखान्याला. कामगार कुठे झोपेल हा रकाना नकाशात नव्हता. तो रकाना कान्हे, टाकवे, वडगाव, कामशेत इथल्या शेतकऱ्यांनी भरला. जमिनीचे पैसे आले होते, किंवा भातातून भागत नव्हतं, म्हणून त्यांनी गोठ्याच्या जागी खोल्या काढल्या. लातूर-नांदेडकडची, वाशीम-यवतमाळची, बिहार-उत्तर प्रदेशातली पोरं तिथे तिघं-चौघं मिळून राहतात. कंपनीची बस फाट्यावर येते. ज्या मावळच्या माणसानं कधी लालबागला खोलीत पथारी टाकली, त्याचा नातू आता दुसऱ्याच्या पथारीचं भाडं घेतो. हे चक्र पुरं फिरलं आहे, आणि त्यात वाईट काही नाही.

या पोरांना फ्लॅट घ्या म्हणणारे मला भेटतात. तळेगावच्या बाजूला परवडणारी घरं उभी राहताहेत, सरकारी सबसिडी आहे, बँक कर्ज देते, मग भाडं कशाला फुकट घालवायचं? पण नोकरी कंत्राटी आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं आणि हप्ता वीस वर्षांचा. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2020 च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं. पुढे ह्युंदाईनं ती जागा घेतली, पण मधली वर्षं कामगारांची कोर्टात आणि आंदोलनात गेली. 2022 मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला. त्याच्या भरवशावर ज्यांनी प्लॉट घेतले, ते अजून भाव मोजताहेत. उद्योग इतका चंचल असताना कामगाराला एका जागी कर्जानं खिळवून ठेवणं म्हणजे उद्योगाची जोखीम कामगाराच्या गळ्यात बांधणं. खोलीवाला दुसऱ्या दिवशी चाकणला जाऊ शकतो.

म्हणून या खोल्यांची आरती ओवाळावी असं नाही. त्यांत हवा खेळत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मेत माणूस भाजून निघतो. शोषखड्डे भरून वाहतात आणि पाणी ओढ्यातून इंद्रायणीला मिळतं. करार बहुतेक तोंडी. मालक कागद करत नाही, कारण कागद केला तर "बसला तर?" ही भीती. भाडेकरूनं घर बळकावल्याचं कान्ह्यात कुणी फारसं ऐकलेलं नसेल, पण मुंबईच्या कायद्यांची ती जुनी धास्ती इथवर पोचलेली आहे. कागद नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून गॅस, बँक, पोराचा शाळाप्रवेश सगळीकडे खेटे. आणि खोली विचारायला आलेल्याला नाव विचारलं जातं ते आडनावासाठी. जात आणि धर्म पाहून खोली "आत्ताच गेली" होते. गावाच्या आपुलकीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

हे दोष काढायचे तर आधी या खोल्या आहेत हे मान्य करावं लागेल. बहुतेक खोल्या परवानगीविना बांधलेल्या. 1947 सालीच आलेला तुकडेबंदी कायदा, शेतीचा झोन, हिस्सेदारांच्या सह्या, पुणे महानगर प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) फेऱ्या, एवढं सगळं दहा खोल्यांसाठी कोण करेल? मोठ्या योजनेला आर्किटेक्ट असतो, लायझनिंगवाला असतो. शेतकऱ्याला गवंडी असतो. परवानगी नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पत्रा. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा खोल्यांसाठी एक साधा छापील नकाशा असावा: इतकी उंची, समोरासमोर दोन खिडक्या, इतक्या खोल्यांमागे इतके संडास, सेप्टिक टँक असाच. त्याप्रमाणे बांधलं तर ग्रामपंचायतीच्या पातळीवर नोंद आणि जिल्हा बँकेचं कर्ज. भाडेकरूचं नाव पंचायतीच्या वहीत, आणि त्या नोंदीचा उतारा हाच पत्त्याचा पुरावा. मुदत संपली की खोली परत मिळेल ही मालकाला खात्री, आणि मुदतीत मध्यरात्री सामान बाहेर फेकलं जाणार नाही ही भाडेकरूला.

नियम लावले तर भाडं वाढेल, असं म्हणतात. खरं आहे. बीडीडीच्या रिकाम्या खोल्या याच कारणानं रिकाम्या होत्या. म्हणून नियम थोडे हवेत, आणि जे खर्चिक आहे ते मालकाच्या गळ्यात घालायला नको. पाण्याची लाइन, गटार, मैलापाणी शुद्ध करायची सोय, दिव्याचे खांब हे सार्वजनिक खर्चातून यावं. खोली मालक बांधेल. गावाची पायाभूत सोय त्यानं का बांधावी? खोल्यांना मान्यता दिली तर मावळात धारावी होईल, अशीही भीती घातली जाते. झोपडपट्टी वाढते ती कायद्यातली परवडणारी खोली मिळत नाही तिथे. तरीही गर्दी होईल, कपड्यांच्या दोऱ्या दिसतील, वीकेंडला येणाऱ्यांच्या फोटोत ते चांगलं दिसणार नाही. मला चालेल.

त्या वीकेंडवाल्यांविषयीही बोललं पाहिजे. मुंबईत घरात गुंतलेला पैसा फुगत गेला, त्याचा एक पाट मावळात येतो. पाच दिवस कुलूप, दोन दिवस वापर, हिरवळीला बारा महिने पाणी. मावळच्या पाण्यावर आधीच किती जणांचे नळ आहेत! आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण 1922 मधलं. त्याचं पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध झाला, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पाण्यासाठी माणसं गेलेल्या तालुक्यात बंद घराच्या लॉनला आणि आठ तास मशीनवर उभं राहून आलेल्याच्या अंघोळीला एकाच रांगेत धरता येणार नाही. वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणाऱ्या घराची घरपट्टी जास्त असावी, आणि ती खोल्यांच्या गटारावर खर्च व्हावी.

तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून तो गाठीमागचा रुपया. आज तळेगावच्या पट्ट्यात कापसाच्या गाठी येत नाहीत. माणसं येतात, आणि ती कंत्राटदाराच्या बिलात मोजलेली असतात. त्या बिलावर निवाऱ्याचा उपकर का नसावा? बांधकामावर एक टक्का कामगार कल्याण उपकर 1996 च्या कायद्यापासून गोळा होतोच आहे. तो खर्च कसा होतो यावर वेगळा लेख लिहावा लागेल, पण गोळा करता येतो हे सिद्ध झालं आहे. कारखान्यांचा उपकर मंत्रालयात न जाता जिथे कामगार राहतात त्या पंचायतींना मिळावा. उद्योग पळून जातील, हे उत्तर तयार असतं. ज्या गुंतवणुकीचा हिशोब कामगाराच्या संडासाच्या खर्चानं कोसळतो, ती तळेगावला टिकेल असं मला तरी वाटत नाही.

राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणाचं नाव आहे "माझे घर, माझा अधिकार". कान्ह्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराचं घर वाशीमला आहे आणि तो दिवाळीला तिथे जातो. त्याला इथे हवी आहे खिडकी असलेली खोली, चालू नळ आणि नावाचा एक कागद. हे देणारी यंत्रणा अजून कुणी उभी केलेली नाही. तोवर गावातला मालक पावसाळ्याआधी आणखी दोन खोल्या चढवेल, कुणाला न विचारता, आणि बेकायदा बांधकाम म्हणून त्याला नोटीस देणाऱ्याच्या बाजूनं मी तरी उभा राहणार नाही.